कोमट पाणी

कात्रज, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठीक आहे, घर जागेवर आहे. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू बोलतेस, मला ऐकू येत नाही, मी "काय?" म्हणतो, मग तू मोठ्यानं बोलतेस, आणि मोठ्यानं बोललेलं सगळं मला भांडणासारखं वाटतं. कानात ते यंत्र घातलं की शिट्टी वाजते. एकतीस वर्षं बॉयलर हाउसमध्ये काढली, त्याची ही पेन्शन. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर "जेवलात का", "हो" यापुढे आपली गाडी सरकत नाही. वर तू तो अंगठा पाठवून मोकळी होतेस. म्हणून पोस्टात जाऊन पाकिटं आणली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कोर्टाचं आहे का?" म्हटलं, नाही, मुलीला पत्र आहे. त्यांना कोर्टाचं असतं तर जास्त पटलं असतं.

आता कामाचं. तुझ्या खोलीत कॉटखाली सात खोकी आहेत. आई गेल्यावर तू हैदराबादला निघालीस तेव्हापासून तशीच पडून आहेत. तुझा जुना कॉम्प्युटरही टेबलावर फडक्याखाली आहे. झाडताना रोज पायाला लागतात. खालच्या नम्रतावहिनी म्हणतात, भंगारवाल्याला द्या, तो रोज ओरडत जातो. मला ऐकू येत नाही म्हणून खोकी वाचली आहेत.

द्यायची की ठेवायची ते कळव. पत्रानेच कळव.

तुझे बाबा,
सुखदेव

•

हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

हातानं पत्र लिहायची सवय गेलीय, अक्षर चालवून घ्या. पहिलं पान दोनदा फाडलं.

खोकी द्यायची असतील तर द्या. मला आता त्यांचा उपयोग नाही. आत काय आहे ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. माझं काम म्हणजे न बांधलेल्या इमारतींची चित्रं बनवणं. ते करताना कॉम्प्युटर भयंकर तापतो आणि त्याला गार करायला पंखे जोरात फिरतात. त्या खोक्यांमध्ये पंख्यांऐवजी पाण्यानं गार करायचं सामान आहे. पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या. पाणी तापलेल्या भागांवरून फिरतं, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, गार होऊन परत येतं. तयार मिळत नाही, आपल्या मापानं जोडून घ्यावं लागतं. मी सगळं ठरवून मागवलं होतं. मग जोडायचं राहिलं.

तुम्ही मात्र उघडू नका. तुम्हाला जमणार नाही असं नाही, पण वस्तू नाजूक आहेत.

इथे सगळं छान आहे. ऑफिस छान, रूममेट छान, जेवण छान.

दीपाली

•

कात्रज
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दिपू,

उघडली.

अगं, हे तर बॉयलर हाउस आहे! फक्त पोस्टाच्या पेटीएवढं. पंप माझ्या मुठीत मावतो. मी सगळं सामान चटईवर मांडलं आणि अर्धा दिवस नुसता बघत बसलो. तुझ्या वहीत तू पाइपलाइनचं चित्र काढलंयस, तेही सापडलं. चित्र चांगलं आहे. एके ठिकाणी पाणी उलटं जाईल असा बाण आहे, तो मी दुरुस्त केला.

तू म्हणशील, विचारलं कुठे. तर सांगतो. आई गेल्यापासून या घरात मी काही जोडलेलं नाही. नळ गळत होता, तो गळू दिला. सकाळी चहा करतो, पेपर वाचतो, मग दहा वाजतात, आणि दहाच्या पुढे काय करायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही. या आठवड्यात पहिल्यांदा जेवणाची वेळ चुकली आणि मला बरं वाटलं.

जुना कॉम्प्युटर उघडून त्यातले भाग नव्या पेटीत बसवले. नळ्या वाकवल्या. त्या अॅक्रिलिकच्या असल्या तरी तापवून वाकवायचं तंत्र तेच, आत तू आणलेली रबराची दोरी घालायची म्हणजे नळी चेपत नाही. चार वाया गेल्या, सहा जमल्या. जोडांच्या आट्यांवर धागा-सफेदा लावून सगळं पक्कं केलंय. काम ठीक चाललं आहे.

आता राहिली टेस्ट. आमच्याकडे नियम होता. नवीन लाइन जोडली की पाणी भरून चोवीस तास ठेवायची, मग कागदावर दोन सह्या. एक फिटरची, एक साक्षीदाराची. साक्षीदारानं स्वतः उभं राहून बघायचं, मगच सही करायची. माझा साक्षीदार कायम आमचा हेल्पर पोपट. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, "सुखदेव, आत हवा हाय." तो ऐकायचा, मी हात लावून बघायचो. आमच्या एकाही लाइनीनं कधी दगा दिला नाही. पोपट आता मुलाकडे अकोल्याला असतो. टेस्टच्या कोऱ्या कागदांचं एक पॅड माझ्याकडे आहे. निवृत्त झालो तेव्हा चुकून पिशवीत आलं असं समज.

साक्षीदार कोणाला करावं, सुचव.

बाबा

•

हैदराबाद
१० मार्च २०२५

प्रिय बाबा,

धागा-सफेदा? बाबा!! ताबडतोब काढा. प्रत्येक जोडाला आत काळी रबरी रिंग आहे, पाणी तीच अडवते. नुसतं हातानं आवळायचं. पाना लावायचा नाही. लावला नाहीत ना?

काढून नीट धुवा, नाहीतर सफेदा पाण्यात फिरेल आणि सगळं तुंबेल. नळाचं पाणी भरायचं नाही, खोक्यातल्या बाटलीतलंच भरायचं. भरताना फक्त पंपाला करंट द्यायचा, बाकी सगळं बंद. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा म्हणजे थेंब लगेच दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंपात हवा अडकली तर खरखर आवाज येतो. तो ऐकून लगेच बंद करावं लागतं, नाहीतर पंप जळतो. हे तुम्हाला एकट्याला करता येणार नाही. नम्रताकाकूंना बोलवा. किंवा व्हिडिओ कॉल लावा, मी इथून ऐकते.

मला यायला जमलं असतं तर आले असते. पण मार्च एंड आहे, ऑफिसमधून मान वर करता येत नाही. हैदराबादच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही दोन महिने.

तुम्ही वहीतला बाण बदललात ते बरोबर आहे. माझं चुकलं होतं.

दीपाली

•

कात्रज
१६ मार्च २०२५

चि. दीपाली,

तुझं पत्र मिळालं. स्पीड पोस्टच्या पाकिटावर एक चिठ्ठी असते, तिच्यावर कुठल्या पोस्टात दिलं ते छापलेलं असतं. जन्मभर पाइपांवरचे शिक्के वाचले, सवय जात नाही. तुझं पाकीट १२ तारखेला शिवाजीनगर, पुणे इथे दिलेलं आहे.

म्हणजे आलीस आणि गेलीस. ठीक आहे.

मीही एक लपवलं होतं, ते सांगून टाकतो म्हणजे फिटंफाट. पाना लावला होता. टाकीला तडा गेला. गेल्या पत्रात "काम ठीक चाललं आहे" लिहिलं तेव्हा तडकलेली टाकी समोर होती. ती घेऊन बुधवार पेठेत गेलो. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर दुकानदारानं बिलाच्या पाठीवर लिहून दिलं, "आजोबा, हे नळाचं दुकान नाही." मी टाकी दाखवली. त्यानं खाली लिहिलं, "पान्यानं आवळलीत? मग हातोडी का बाकी ठेवलीत?" तो कागद जपून ठेवलाय. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी कोणीतरी दोन वाक्यं बोललं होतं.

नवीन टाकी आठ दिवसांत मागवून देतो म्हणाला. सफेदा काढून धुतला.

बाबा

•

हैदराबाद
२४ मार्च २०२५

बाबा,

हे पत्र मी पाच दिवस लिहितेय.

हो, आले होते. बाणेरला एका बिल्डरकडे काम होतं, दोन दिवस. पत्र इथे लिहिलं होतं, बॅगेतच राहिलं, तिथून टाकलं. चिठ्ठीचं लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा करून कात्रजला आले. डेअरीपाशी उतरून चालत आले. खाली उभी राहिले. तुम्ही गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होतात, एक-एक झटकून, आई झटकायची तसे. मी हाक मारली. खरंच मारली. तुम्हाला ऐकू आली नाही. मग दुसरी हाक मारायचा धीर झाला नाही आणि मी परत गेले.

धीर का झाला नाही ते लिहिते. आईच्या जलदान विधीला सगळे बसले होते. गावाकडचे, तुमच्या कारखान्यातले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आई घोटभर पाणी मागत होती, आणि हिला खेळण्यात घालायला पाणी पाहिजे होतं." तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, बाबा. तुम्ही ते पुटपुटला नाहीत, ओरडलात. तेव्हापासून मी कुठेही पाण्याची बाटली उघडली की ते ऐकू येतं.

ते खेळणं नव्हतं. आई आजारी होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत काम करायचे आणि माझा कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. केमो झाल्यावर दुपारी तिला झोप लागणं फार गरजेचं आहे असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिला विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का गं?" ती म्हणायची, "नाही गं." ती मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणत होती, मला कळत होतं. नोकरी सोडता येत नव्हती, मशीन बंद ठेवता येत नव्हतं. पाण्यावर चालवलं तर जवळजवळ आवाज येत नाही. म्हणून मागवलं. तुम्हाला काय सांगणार? तुम्हाला आवाज ऐकूच येत नव्हता.

शेवटचं पार्सल ती गेली त्याच दिवशी आलं.

इथे रूममेट नाहीत. एकटीच राहते. सगळं छान नाही.

दीपाली

•

कात्रज
१ एप्रिल २०२५

माझ्या दिपूस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिलो. तू खाली कुठे उभी असशील याचा अंदाज घेतला. बहुतेक गुलमोहराच्या इकडच्या बाजूला. आता कपडे काढताना मी आधी खाली बघतो.

मी ते बोललो. आठवतंय. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी तिला पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, फक्त ओला कापूस ओठांना लावायचा. ती माझ्याकडे बघून पाणी मागत होती आणि मी कापूस लावत होतो. जन्मभर मी पाइपांतून पाणी पोचवलं, आणि माझ्या बायकोला घोटभर देता आलं नाही. त्याच दुपारी घरी येऊन बघतो तर दारात पार्सल, आणि त्यावर पाण्याच्या बाटल्यांचं चित्र. राग डॉक्टरांचा होता, माझा स्वतःचा होता. तो तुझ्यावर निघाला, चारचौघांत निघाला. माझं चुकलं. बाप म्हणून आणि माणूस म्हणूनही चुकलं. मला माफ कर असं लिहायला आठ महिने लागले, त्याचीही माफी माग म्हणालीस तर मागतो.

पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही, ती ऐक.

माझी हिरा, तुझी आई, तुला खरंच सांगत होती. तिला त्या आवाजाचा त्रास नव्हता. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मला हातानं खुणावायची, भिंतीकडे बोट, मग गोल-गोल. म्हणजे चालू आहे. म्हणायची, "पोरगी बसलीय कामाला." आणि झोपायची. आवाज थांबला की तिला जाग यायची. लगेच मला उठवायची. "जा, बघून या. जेवली का ती? बाहेर गेली का?" मी येऊन तुझ्या दारातून डोकवायचो, आठवतं? तू वैतागायचीस, सारखं काय बघता म्हणून. आवाज थांबलेला मला कळत नव्हता, ती पाठवायची म्हणून मी यायचो.

तू तिची झोप मोडत नव्हतीस गं. तुझ्यामुळे तिला झोप लागत होती.

नवी टाकी आली. हातानं बसवली. सगळी लाइन तयार आहे, पाणी भरलेलं नाही. नम्रतावहिनींना विचारलं नाही आणि विचारणारही नाही. टेस्टचा कागद सोबत पाठवतो आहे. माझी सही केली आहे. साक्षीदाराच्या जागी तू सही करून पाठव. लाइन तुझी आहे, चित्र तुझं आहे, तुझ्या सहीवर मी पाणी भरीन. पंप जळला तर जळला.

तुझे बाबा

•

हैदराबाद
६ एप्रिल २०२५

बाबा,

कागद परत पाठवत आहे. सही केलेली नाही.

साक्षीदारानं स्वतः उभं राहून बघायचं, मगच सही करायची, हे तुमच्याच पत्रात आहे. टेस्ट न बघता सही मागणारा फिटर मी तरी कामावर ठेवला नसता.

शनिवारी, १२ तारखेला सकाळी स्वारगेटला उतरते. जयंतीला जोडून तीन दिवस आहेत. चोवीस तास टेस्ट, तेव्हा पुरतील. मी येईपर्यंत पाणी भरू नका. पान्याला हात लावू नका.

बेल वाजवून उपयोग नाही, म्हणून दार उघडं ठेवा.

दिपू

•

कात्रज
९ मे २०२५

चि. दिपू,

तू गेलीस त्याला पंचवीस दिवस झाले. लगेच लिहिणार होतो, पण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सकाळी चहा, पेपर, मग दहा.

टेस्टचा कागद काचेखाली ठेवला आहे, तुझ्या टेबलावर. दोन सह्या. तू पंपाला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून ऐकत होतीस आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. "हवा आहे" म्हणालीस तेव्हा मला पोपटापेक्षा तुझ्या आईचीच आठवण जास्त आली. पेटी तिरकी केली, बुडबुडे निघून गेले. चोवीस तासांत एकही टिश्यू ओला झाला नाही. रविवारी तू टेबलाजवळच चटईवर झोपलीस. मी पंखा लावून दिला, तुला कळलं नाही.

तू ते इंटरनेटचं जोडून गेलीस. तू हैदराबादेत बसून काम टाकतेस आणि ते इथं, आपल्या घरात, या पेटीत होतं, असं तू म्हणालीस. मला ते तेव्हा नीट पटलं नव्हतं. तुम्ही फक्त धूळ पुसा, बाकी काही करू नका, म्हणालीस. म्हणून रोज पुसतो. मशीन चालू की बंद, मला काय कळणार? तुझ्या म्हणण्याप्रमाणे तर ऐकू येणाऱ्यालाही कळत नाही.

पण गेल्या आठवड्यात पुसताना टाकीला हात लागला. कोमट होती. मी घाबरलो, वाटलं काही बिघडलं. मग लक्षात आलं. पाणी तापतं, कारण तू काम टाकलंयस. दुसऱ्या दिवशी नवाला हात लावला तर गार. पावणेदहाला लावला तर कोमट. एकला परत गार व्हायला लागली, म्हणजे तू जेवायला उठलीस. अडीचला पुन्हा कोमट. बाजूला खुर्ची ओढून बसलो. दहा वाजल्यानंतर काय करायचं हा माझा प्रश्न सुटला आहे. टाकीवर हात ठेवून पेपर वाचतो. हिरा भिंतीकडे तोंड करून काय करायची ते मला आत्ता कळलं.

नम्रतावहिनी सोमवारी पुरणपोळी द्यायला आल्या. मला असं बसलेलं बघून त्यांनी विचारलं, काय करताय? मी टाकीकडे बोट दाखवलं आणि हात गोल-गोल फिरवला. पोरगी बसलीय कामाला.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. बुधवारी पाणी दिवसभर गार होतं. कालही गार. आज सकाळी दहा वाजता, साडेदहाला, अकराला हात लावून बघितला. गार.

दिपू, बरी आहेस ना? जेवलीस का?

तुझे बाबा